बाराव्या हिश्शाची फालेना

शिझुओका, ३ मार्च १९७७

तेइजी भावोजींस,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या चार ओळी लिहायच्या असतात, त्या लिहिल्या असं समजा. मला घाई आहे.

तुम्हाला इटलीत मोदेनाला जाऊन तीन आठवडे झाले आणि आलं काय, तर एक चित्राचं पोस्टकार्ड. मागे लिहिलंय, 'जेवण चांगलं आहे.' वा! मी काही तुमच्या जेवणाच्या काळजीने झुरत नव्हते. मला त्या फालेना गाडीची मापं हवी आहेत.

हिशेब पुन्हा लिहिते, कारण निघताना मी तो सांगत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. बाराव्या हिश्शाची गाडी, म्हणजे दीड वीत लांब, उघडणारी दारं, आत दिसणारं इंजिन. एवढ्या मोठ्या मॉडेलचे पोलादी साचे कोरायला अकाहोरी चार कोटी येन सांगतो. दुकानात सुट्या भागांचा खोका जाणार पाच हजार आठशेला. त्यातले निम्मे दुकानदार आणि घाऊकवाले नेझु खाणार. उरलेल्यात प्लास्टिक, रबरी टायर, खोका, छपाई आणि पॅकिंगच्या बायकांचा पगार. एका खोक्यामागे आपल्या हातात चौदाशे उरतात. जवळजवळ तीस हजार खोके गेले, तर नुसते साचे फिटतात. आपण जेवायचं ते त्यानंतर.

आणि इतकं महागाचं खेळणं कोणतंही पोर खाऊच्या पैशातून घेत नाही. ते घेतं नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांकडून मिळालेल्या पैशांच्या पाकिटांमधून, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तो आठवडा हुकला की वर्ष हुकलं. आज पोरं पुलावर कॅमेरे घेऊन इटालियन गाड्यांची वाट बघत ताटकळतात, वर्गात गाड्यांची खोडरबरं पेनच्या टोकाने उडवतात. हे वेड पुढच्या वर्षी असेल, असं कुणी लिहून देत नाही.

तुमचे दादा गेल्यापासून नदीपलीकडच्या मॉडेलवाल्यांनी दोनदा माणूस पाठवला. कारखाना विकता का, म्हणून. बाई काय चालवणार, असं तोंडाने म्हणाला नाही, पण आमच्या फडताळांवरचे जुने साचे मात्र नजरेने मोजून गेला. तुमच्या फेरीबोटीच्या साच्यापाशी तर थांबलाच. दोन्ही वेळा मी चहा पाजला आणि वाटेला लावलं. फालेना गेली नाही, तर तिसऱ्यांदा मला सही करावी लागेल.

एप्रिल उजाडायच्या आत ड्रॉइंग पाठवा.

सुमिए

*

मोदेना, १७ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं आणि चहाची पुडीही. घरमालकीण सिन्योरा इर्मा त्यात साखर घालून प्यायली. मी तोंड फिरवलं.

काळजी सोडा. फालेनाच्या कारखान्यात माझं बस्तान छान बसलंय. इथे सगळं जोरात चालू आहे, म्हणून मला दुपारचे दोन तासच मिळतात, पण तेवढे पुरतात. एक पिवळी गाडी मला कोपऱ्यात लावून दिली आहे. तिच्या पोटाखाली झोपून मी मापं घेतली. चौकीदार बाल्दिनी विचारतो, शिंपी आहेस का रे? म्हटलं, हो, पण गिऱ्हाइकं फार बुटकी आहेत.

सोबत बॉडीची सगळी ड्रॉइंग आहेत. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक सापडायची नाही. दादा असता तर त्याने यावरही खोडरबर फिरवलं असतं म्हणा. 'तेइजी, बरोबर आहे पण ही नाही,' हे त्याचं वाक्य मी अठरा वर्षं ऐकलं. या खेपेला ती वेळ येणार नाही. त्सुगेकाकांना सांगा, डोळे मिटून लाकडी नमुना कोरा.

तेइजी

*

शिझुओका, ९ एप्रिल

तेइजी भावोजी,

त्सुगेकाकांनी लाकडी नमुना कोरून दिला. तुमच्या ड्रॉइंगला तंतोतंत. त्यांनीच पट्टी लावून दाखवलं.

मी तो पॅकिंगच्या टेबलावर नुसता ठेवून दिला. जेवणाच्या सुट्टीत बायका आल्या, डबे उघडले, नमुन्याकडे बघितलं आणि मुळ्याचं लोणचं एकमेकींना वाढू लागल्या. शेवटी योनेताई म्हणाल्या, "बाईसाहेब, ही नवी साबणदाणी का?"

हसू नका. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मापं चुकली असं मी म्हणत नाही. मापं बरोबर आहेत पण ही फालेना नाही. पोस्टरवरची गाडी बघून पोरं पुलाच्या कठड्यावर चढतात, ती ही नाही. खरी गाडी माणसाच्या कमरेशी उभी असते, मॉडेल टेबलावर असतं आणि आपण त्याच्याकडे वरून बघतो. तुमचे दादा म्हणायचे की तसंच्या तसं लहान केलं की सगळं फुगीर दिसतं, मग कुठेतरी थोडं चोरावं लागतं, कुठेतरी थोडं वाढवावं लागतं. कुठे, ते गाडीसमोर असलेल्यानेच ठरवायचं.

बॉडी पुन्हा काढा. साच्यातलं पोलाद एकदा कोरून काढलं की परत भरता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. अकाहोरीने मशिन आपल्यासाठी मेअखेरपर्यंत मोकळी ठेवली आहे. त्यानंतर तो दुसऱ्याचं काम घेईल, आणि तो दुसरा कोण ते तुम्हाला माहीत आहे.

सुमिए

*

मोदेना, २० एप्रिल

वहिनी,

साबणदाणी!

मी थंडगार फरशीवर पाठ टेकून, बोटं बधिर होईपर्यंत त्या गाडीची मापं घेतली, ती योनेताईंच्या लोणच्याबरोबर खायला नव्हेत. मला वाटलं होतं, दादाबरोबर ते खोडरबरही गेलं. ते तुम्ही जपून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

स्पष्टच लिहितो. मला राग आलाय आणि वाईटही वाटलंय. अठरा वर्षांत दादाने माझं एकच ड्रॉइंग न खोडता पुढे पाठवलं, त्या फेरीबोटीचं. वरच्या डेकच्या बाकावर मी गंमत म्हणून कुणीतरी विसरलेली छत्री काढली होती, तीसुद्धा राहू दिली. बाकी सगळं 'बरोबर आहे पण ही नाही'. त्याची नजर मोठी होती, मान्य. ती मला नाही, हेही मान्य. मग ज्याला आहे त्याला पाठवायचं होतं इथे.

खोटी गाडी मी काढणार नाही. आणि एक सांगा, अकाहोरी आगाऊ पैसे घेतल्याशिवाय पोलादाला हात लावत नाही. ते कुठून आले?

तेइजी

*

शिझुओका, ४ मे

तेइजी भावोजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आता माझं नीट वाचा.

पोलादाचे पैसे झाले. कुठून, ते विचारू नका. अकाहोरीला मी चाकं, इंजिन, सीट, सगळं सुरू करायला सांगितलंय. बॉडी सोडून सगळं, त्यामुळे मशिन जूनमध्येही आपल्याकडेच राहील. म्हणजे आता माघार नाही. बॉडी आली नाही तर माझ्याकडे जगातली सर्वांत महागडी स्टेपनी तयार होईल.

दुसरी गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही. तुमच्या दादांना तसली काही नजर नव्हती.

ते दर वेळी नवा लाकडी नमुना कापडात गुंडाळून घरी आणायचे. जेवण झालं की तो तातामीच्या चटईवर ठेवायचे. मी भांडी घासत असायचे. मग मला हाक मारायचे, "सुमिए, हीच का?" मी ओले हात घेऊन वळायचे आणि म्हणायचे, "नाही." बस, एवढंच. त्याआधी खरी गाडी मला कुठे तरी दाखवून आणलेली असायची. शिमिझूच्या बंदरावर, टोकियोच्या शोरूममध्ये, एकदा तर कुणा डॉक्टरच्या दारात आम्ही तासभर उभे होतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या ड्रॉइंगवर खोडरबर फिरायचं. कारखान्यात हे कळलं असतं तर त्यांना कुणी मालक म्हटलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. तुमचं ड्रॉइंग मी कधी पाहिलंही नव्हतं, भावोजी. तुम्ही इतकं मनाला लावून घेत होता, हे मला खरंच माहीत नव्हतं.

पण मला फक्त 'नाही' म्हणता येतं. कुठे चुकलं ते सांगता येत नाही. आणि फालेना मी पाहिलेली नाही, बघायला येऊही शकत नाही. विमानाच्या तिकिटात अख्खा डॅशबोर्ड कोरून होतो.

म्हणून मापाची टेप खोलीवर ठेवा. त्या गाडीसमोर जाऊन नुसते बसा, आणि काय दिसतं ते मला लिहा. एकही आकडा नको. मी ते त्सुगेकाकांना वाचून दाखवीन.

सुमिए

*

मोदेना, १९ मे

वहिनी,

तुमचं पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस गावभर फिरलो. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावलो होतो, आणि त्याची माफी मागायला आता तो नाही. तुमच्यावर रागावावं म्हटलं तर तेही जमत नाही.

आधी माझं खोटं सांगतो. कारखाना जोरात चालू आहे असं मी लिहिलं. तो फेब्रुवारीतच बंद पडला. मॉडेल काढायचा आपला करार जानेवारीत झाला, त्याला काही धोका नाही, पण फालेना आता बनत नाही आणि बनणारही नाही. मला दोन तास मिळायचे ते बाल्दिनी तेवढ्यापुरतं फाटक उघडायचा म्हणून. तुम्ही घाबराल आणि मला परत बोलवाल, म्हणून लिहिलं नाही. कोपऱ्यातली ती पिवळी गाडी मेअखेरीस लिलावात जाणार आहे. काय करायचं ते हे धरून ठरवा.

आता गाडी.

ही गाडी उभी नाही, बसली आहे, आणि कुठल्याही क्षणी उठेल असं वाटतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी वाटतात. ती सारखी आहेत, मीच मोजली आहेत, तरी वाटतात. नाक फार खाली आहे. बाल्दिनीचं मांजर शिकारीच्या आधी हनुवटी जमिनीला टेकवतं, तितकं खाली. छप्पर गाडीवर ठेवल्यासारखं दिसत नाही. न्हाऊन आलेल्या माणसाचे केस डोक्याला चापून बसतात, तसं ते चापून बसलंय. ड्रॉइंगमध्ये मी त्याला टोपी केलं. त्सुगेकाका, पातळ करा, अजून पातळ, काचेला धक्का लागेल अशी भीती वाटली की थांबा. दाराच्या खालची कड सरळ आहे, पण नजर तिच्यावरून मागे घसरत जाते, तेव्हा तीही किंचित घसरू द्या.

आणि ती रुंद आहे. समोर फरशीवर बसलो तेव्हा ती मला वाट देणार नाही असं वाटलं. मी चाळीस वर्षांचा माणूस, मागे सरकून बसलो. बाल्दिनी हसला.

संध्याकाळी त्याने फाटकाला कुलूप लावलं. पुन्हा उघडणार नाही म्हणाला.

माझा पगार पाठवू नका. इथे एका गॅरेजमध्ये पत्रा ठोकायचं काम मिळालंय. हाताला बरं आहे.

तेइजी

*

शिझुओका, ३० ऑगस्ट

तेइजी भावोजी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर रडगाणंच गायले असते.

तुमचं पत्र मी त्सुगेकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आकडे कुठायत?" म्हटलं, नाहीत. "मांजर कुठलं?" म्हटलं, इटलीचं. मग त्यांनी रंधा घेतला आणि मला रोज पत्र वाचायला लावलं, एखादी पोथी वाचावी तसं. छप्पर इतकं खाली आणलं की आता हात आवरा असं मला वाटू लागलं. त्या संध्याकाळी मी नमुना कापडात गुंडाळून घरी नेला. तातामीवर ठेवला. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून भांडी घासायला घेतली आणि अचानक वळून बघितलं.

हीच.

मग मला रडू आलं, ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी अकाहोरीने बॉडीचं पोलाद मशिनला चढवलं.

आता बाकीचं. कारखाना बंद पडल्याचं मी नेझुंना सांगितलं. लपवता आलं असतं, पण मासिकांतून कळल्यावर त्यांनी माझं तोंड बघितलं नसतं. त्यांनी वीस हजार खोक्यांची मागणी दहावर आणली. वर म्हणाले, इंजिन काढा, बॉनेट बंद ठेवा, साडेचार हजारात द्या. मी म्हटलं, नेझु-सान, नव्या वर्षाच्या पाकिटात आजोबा पाच हजारांची नोट देतात आणि मामा हजाराची. झाले सहा. पाच हजार आठशेचा खोका आणि दोनशेत गोंद नि ब्रश. साडेचारला दिला तर उरलेल्यात पोर नदीपलीकडच्यांचं विमान घेईल. ते म्हणाले, बाई, तुमचा मामा फार उदार आहे.

आणि नदीपलीकडचे गप्प बसलेले नाहीत. तेही फालेना काढताहेत, विसाव्या हिश्शाची, पंधराशेला, ऑक्टोबरात. आपल्या आधी दोन महिने.

तरी मी वीस हजार खोके छापायला दिले. नेझु दहा घेतील. उरलेले दहा गेले नाहीत, तर कारखान्यासकट पोचवायला दूर जायला नको, नदीवर पूल आहे.

सुमिए

*

मोदेना, २० डिसेंबर

वहिनी,

खोका मिळाला. गॅरेजमधल्यांनी झाकण उघडलं आणि बॉडी हातोहात फिरवली. त्यातले तिघे फालेनाच्या कारखान्यात पत्रा ठोकायचे. एकाने छपरावरून अंगठा फिरवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. एवढं सांगून पुरे, कारण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय.

काल संध्याकाळी चौकातल्या खेळण्यांच्या दुकानात नाताळची आरास बघत होतो. काचेत एक बोटीचं मॉडेल होतं. हाँगकाँगचा माल. खोक्यावर नाव 'नेपल्सची राणी', आणि पाठीमागे धूर ओकणारा ज्वालामुखी. मी आत जाऊन ते विकत घेतलं. सिन्योरा इर्माच्या टेबलावर उघडलं. प्लास्टिक गुलाबी आणि ठिसूळ. वरचा डेक काढला. बाकावर छत्री होती.

पोलादाचे पैसे कुठून आले, ते कळलं.

तुम्ही साचे विकलेत, आणि मला विचारलं नाहीत. कारखाना तुमचा आहे, विकायचा हक्कही तुमचाच. पण ती एकच वस्तू माझी होती, वहिनी. मोदेनाच्या थंडीत ती गुलाबी बोट हातात घेऊन मी बसलो होतो, तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही.

एकच विचारतो, आणि खरं सांगा. ते ड्रॉइंग दादाने खोडलं नाही, ते का? त्याने ती बोटही तातामीवर ठेवली होती का? की त्या दिवशी त्याला वेळ नव्हता, आणि ते तसंच सुटलं? अठरा वर्षांत मला जमलेलं एकच काम, ते खरंच जमलं होतं का, एवढं मला कळू द्या. मग मी इथेच पत्रा ठोकत राहीन, की परत येईन, ते मला ठरवता येईल.

तेइजी

*

शिझुओका, १२ जानेवारी १९७८

तेइजी भावोजी,

आज फुजी इतका स्वच्छ दिसतोय की छपरावर वाळत घातलेल्या गाद्यांच्या मागेच उभा आहे असं वाटतं. घ्या, हवापाण्याच्या ओळीही लिहिल्या.

हो, साचे विकले. अकरा. बोटीचा त्यात होता. हाँगकाँगचा माणूस त्याच्याशिवाय बाकीचे घ्यायला तयार नव्हता. नदीपलीकडच्यांना दिला असता तर त्यांनी ती बोट इथेच, माझ्या डोळ्यांसमोर काढली असती, म्हणून लांब दिला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि ते मला मोडता आलं नसतं. चूक माझी आहे, आणि तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. दोन्ही लिहिते, एक लिहून दुसरं लपवायला नको.

आता जानेवारी. दोन तारखेला दुकानं उघडली तेव्हा मी स्टेशनजवळच्या दुकानात सकाळपासून उभी होते. पोरं आली, पाकिटं घेऊन आली, आणि थेट कोपऱ्यात गेली. तिथे टीव्हीवरच्या अंतराळयानांची खेळणी होती. नदीपलीकडच्यांची छोटी फालेना धूळ खात पडलेली. आपल्या खोक्याकडे एकाही पोराने मान वळवली नाही. वेड संपलं, भावोजी. घरी जाऊन कुठल्या कागदावर सही करायची, ते मी तिथेच मनात ठरवलं.

मग एक माणूस आला. मासळीवाला असावा, पायात रबरी बूट. आपला नमुना मांडला होता त्याच्यासमोर उकिडवा बसला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी किंचित मागे सरकला. मला तुमचं पत्र आठवलं. त्याने स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले. मी न राहवून विचारलं, "मुलाला का?" तो म्हणाला, "हाताला लावू देईन की काय मुलाला!" त्याच्यामागून एक मास्तर, मग टाय लावलेले दोघे. माझा मामा हजाराची नोट द्यायला आलाच नाही, तो स्वतःच खोका घेऊन गेला.

नऊ तारखेपर्यंत अठरा हजार गेले. साचे अजून पुरते फिटले नाहीत. पण काल नेझुंनी आणखी सहा हजार मागितले. पाकिटांचा आठवडा उलटून गेल्यावर मोठा खोका कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मोठ्या माणसाला जानेवारीच लागतो असं नाही, हे आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. अकाहोरीचा हप्ता दिला. नदीपलीकडचा माणूस काल तिसऱ्यांदा आला. चहा पाजला, या वेळी सोबत तांदळाची मोचीही दिली.

आता बोट. वेळ नव्हता म्हणून ते सुटलं नाही. तुमच्या दादांनी ती घरी आणली होती. मला चांगलं आठवतं, कारण त्यांना प्रश्न विचारायला मिळालाच नाही. ते कापड सोडत होते, बोट अजून त्यांच्या हातातच होती, तातामीला टेकलीसुद्धा नव्हती. मी लांबूनच म्हटलं, "हीच. आणि ती छत्री राहू द्या."

परत या. पुढच्या गाडीच्या वेळी 'हीच का?' असं मला विचारणारं घरात कुणी नाही.

सुमिए